आजोबांचे चार आणे

आपल्या कन्हान-कामठीच्या पट्ट्यात घराण्याचा इतिहास शोधू जाल तर बखरी सापडणार नाहीत. सापडेल ती पेटीच्या तळाची सावकाराची चिठ्ठी, नाहीतर एखादे खरेदीखत. मनसरला 1900 च्या सुमारास मँगनीज निघू लागले. तेथे आजोबा चार आणे रोजावर राबले असे ऐकले की नातू हसतो. नाहीतर आजच्या सोन्याच्या भावाने गुणाकार करून त्यांना श्रीमंत ठरवतो. दोन्ही हिशेब आम्हांस पटत नाहीत. चार आणेवाला सोने घेत होता कुठे? तो ज्वारी घेत होता.

आम्ही कामगार चळवळीतली माणसे. महागाई भत्त्यापायी निर्देशांक वाचायला शिकलो, पण 1960 सालच्या शंभरावर बांधलेला आकडा आजोबांपर्यंत पोचत नाही. जुन्या गॅझेटियरांत भाव उलटा लिहीत, रुपयाला इतके शेर. आकडा घटला की महागाई वाढली! समजा ज्वारी रुपयाला सोळा शेर, तर चार आण्यांची चार शेर. दुष्काळात तीच आठ शेरांवर आली की रोज तोच, पण घरात दोनच शेर. 1896-97 आणि 1899-1900 ही साले कागदावर दिसली की म्हणून थबकावे.

नाण्यांतही फसगत आहे. 1 एप्रिल 1957 पूर्वी रुपयाचे सोळा आणे, चौसष्ट पैसे. दागिन्यांच्या यादीत ‘दहा रुपये भार’ असेल तर ती किंमत नव्हे, वजन आहे. रुपया एक तोळ्याचा होता. ‘दर रुपयास दरमहा एक पैसा’ हे व्याज नवे पैसे धरून वाचणारा बारा टक्के म्हणेल. खरे ते पावणेएकोणीस.

पुष्कळ घरांत आजोबांवर एक ठपका असतो, की दोनशे रुपयांत शेत घालवले. दारू, जुगार, काहीही चिकटवले जाते. खरेदीखत पाहिलेत, आता सावकाराची चिठ्ठीही पाहा. दोनशे रुपये कर्ज आणि रुपयास दरमहा एक आणा व्याज असेल तर वर्षाला शेकडा पंचाहत्तर, म्हणजे दीडशे रुपये नुसते व्याज. चार आणे रोजाने ते फेडायला सहाशे दिवस राबावे लागे, तेही उपाशी. वर्षाचे दिवस तीनशे पासष्ट.