जंक्शनची गावे : मराठवाड्याच्या रेल्वे-अभ्यासाची प्रस्तावना

हैदराबादहून पाहिले, तर मराठवाडा हा निजामाच्या राज्याचा वायव्येकडचा दूरचा मुलूख. एका अंगाला मुंबई इलाखा, दुसऱ्या अंगाला वऱ्हाड. या मुलखात 1900च्या सुमारास हैदराबाद-गोदावरी व्हॅली रेल्वेचे मीटरगेज रूळ आले आणि सिकंदराबाद मनमाडला जोडले गेले. पुढे 1912 मध्ये पूर्णेहून हिंगोलीकडे फाटा निघाला आणि पूर्णा जंक्शन झाले. या विषयात नव्याने येणाऱ्या अभ्यासकाने या फाट्यापासून सुरुवात करावी, असे मला मनापासून वाटते.

महाराष्ट्रात वारसा-रेल्वे म्हटले की आपण माथेरानच्या गाडीकडे वळतो, फार तर यवतमाळ-अचलपूरच्या शकुंतलेकडे किंवा बार्शी लाइटकडे. त्या गाड्यांवर जीव लावणारी माणसे आहेत, त्यांनी लिहिलेही आहे. मीटरगेजच्या वाट्याला मात्र हे प्रेम आले नाही. ती ना डोंगर चढणारी नखरेल गाडी, ना मुंबईची भव्य रेल्वे. ती मराठवाड्याची रोजची गाडी होती: बाजाराची, कोर्टकचेरीची, लग्नाच्या वऱ्हाडाची. 2008 मध्ये कालका-शिमला मार्ग युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. त्याच वर्षी पूर्णा-अकोला मार्गावर रुंद रुळांवरून गाडी धावू लागली. रुंदीकरण हवेच होते, मराठवाड्याने त्यासाठी वर्षानुवर्षे मागणी केली होती. पण जुने रूळ उचलताना त्यांच्याभोवतीचे जग नोंदवून ठेवण्याचे काम राहून गेले, आणि ते अजून करता येण्यासारखे आहे.

रुळांमधले अंतर हा केवळ तंत्राचा प्रश्न नव्हता. मीटरगेजची रुंदी एक मीटर, ब्रॉडगेजची 1676 मिलिमीटर. म्हणून मराठवाड्यातून मुंबईकडे निघालेली कापसाची गाठ मनमाडला एका वाघिणीतून काढून दुसरीत भरावी लागे. त्यातून हमालांची वस्ती उभी राहते, अडत्यांचा हिशेब बदलतो, वेळ जातो. जालना, सेलू, परभणीच्या जिनिंग-प्रेसिंगचा इतिहास लिहिताना ही रुंदी विसरून चालणार नाही.

हिंगोलीचे उदाहरण तर फारच बोलके आहे. हैदराबाद कंटिंजंटची ही छावणी सुमारे अर्धे शतक लोहमार्गाचे शेवटचे टोक होती. वऱ्हाड हाकेच्या अंतरावर, पण गाडी पुढे जात नव्हती. स्वातंत्र्यानंतर, 1960च्या सुमारास, खांडवा-हिंगोली मार्ग पुरा झाला आणि वाशीम-अकोला-अकोटमार्गे मेळघाट ओलांडून उत्तरेचे मीटरगेज दक्षिणेला मिळाले. धुळघाटला हा मार्ग वळसा घेऊन स्वतःलाच ओलांडत असे. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस पूर्णेवरून जाऊ लागली. अजिंठ्याच्या डोंगरातून येऊन गोदावरीला मिळणाऱ्या पूर्णेच्या काठचे हे गाव. इथून निघालेली गाडी अकोल्याच्या पुढे गांधीग्रामजवळ तापीला मिळणारी दुसरी पूर्णा ओलांडत असे. ही जोडणी फार टिकली नाही. अकोला-खांडवा मीटरगेज 2017च्या आरंभी बंद झाले. मेळघाटच्या व्याघ्र प्रकल्पातून रुंद मार्ग न्यावा की बाहेरून, यावर बरीच वर्षे वाद चालला. वन्यजीवांचा इतिहास आणि रेल्वेचा इतिहास इथे वेगळे काढता येत नाहीत.

पूर्णेत मीटरगेजचे लोको शेड होते. शेड म्हणजे कोळसा, पाणी, राख आणि तीन पाळ्या. त्याच्या आधाराने क्वार्टर्स, शाळा, दुकाने, वेगवेगळ्या भाषा बोलणारी शेजारघरे. या कामगारांमध्ये कोणत्या जातींना कोणते काम मिळाले, कोण फायरमनचा ड्रायव्हर झाला आणि कोण खलाशीच राहिला, हे प्रश्न मला इंजिनांच्या यादीपेक्षा मोलाचे वाटतात.

इंजिनांवर प्रेम करणाऱ्यांनीही यावे. एकेरी मार्गावरचे टोकन घ्या. वेताच्या मोठ्या कड्याला चामडी पिशवी, पिशवीत धातूचा गोळा. तो गोळा हाती आल्याशिवाय ड्रायव्हरने पुढच्या स्टेशनाकडे निघायचे नाही. न थांबणाऱ्या गाडीतून फायरमन हात बाहेर काढून ते कडे झेलायचा, आधीचे फलाटावर टाकायचा. कोपर किती वाकवायचे, अंग कुठे सैल सोडायचे, हे नियमांच्या पुस्तकात वाचून येत नाही; ते झेललेल्या माणसालाच विचारावे लागते.

कंपनीचे अहवाल, निजामकालीन उर्दू-इंग्रजी दप्तर, जिल्हा गॅझेटियर ही साधने आहेतच. उर्दू येत नसेल तर शिकून घ्या, या विषयात तिच्यावाचून अडेल. पण वाफेच्या इंजिनावर काम केलेले लोक आता वृद्ध झाले आहेत. म्हणून इतिहासाच्या, समाजशास्त्राच्या, मराठीच्या विद्यार्थ्यांना माझी विनंती आहे: पूर्णा, हिंगोली, परळी, मुदखेड यांपैकी एक गाव निवडा आणि दप्तरखान्यात जाण्याआधी तिथल्या निवृत्त रेल्वे कामगारांना भेटा. त्यांचे बोलणे त्यांच्याच शब्दांत, त्यांच्या परवानगीने नोंदवून ठेवा.