उघडे दार आणि उंबरठा

‘आमचे दार सर्वांना उघडे आहे’ असे म्हटले की स्वागत झाले का? मुंबईच्या प्रार्थना समाजाचा इतिहास पाहिला, की हा प्रश्न वाटतो तितका सोपा राहत नाही.

सुरुवात १८४९ च्या परमहंस सभेपासून करू. जातिभेद मानायचा नाही, हा या सभेचा निश्चय. सभासद होताना पाव खावा लागे, कारण तो परधर्मीयाच्या हातचा असे. पण हे सारे बंद दाराआड चाले. १८६० च्या सुमारास सभासदांची नावे उघड होण्याची वेळ आली आणि सभा विस्कटली. न्यायाची चाड होती, चारचौघांत उभे राहण्याचे बळ मात्र नव्हते.

३१ मार्च १८६७ रोजी डॉ. आत्माराम पांडुरंग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रार्थना समाज स्थापन केला. पुढे न्यायमूर्ती रानडे आणि डॉ. भांडारकर त्यात आले. आता उपासना उघडपणे होऊ लागली. ईश्वर एक, मूर्ती नाही, मध्यस्थ पुरोहित नाही आणि ओठांवर तुकोबांचे अभंग. कामगारांसाठी रात्रीच्या शाळा निघाल्या. पंढरपूरच्या अनाथ बालकाश्रमाने टाकून दिलेल्या लेकरांना घर दिले.

तरीही विचार आणि घर यांत अंतर राहिले. विधवाविवाहाचा पुरस्कार करणाऱ्या रानड्यांनी पहिली पत्नी वारल्यावर १८७३ मध्ये वडिलांच्या आग्रहापुढे मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशी लग्न केले. आज त्यांना नावे ठेवणे सोपे आहे. आपल्या घरातले असे प्रसंग आठवून पाहिले, की जीभ जरा आवरते.

याच समाजात विठ्ठल रामजी शिंदे आले. जन्म १८७३ चा, आज कर्नाटकात असलेल्या जमखंडीचा. युनिटेरियन पंथीयांच्या मदतीने ते ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात उदार धर्माचा अभ्यास करून १९०३ मध्ये परतले आणि समाजाचे प्रचारक झाले. त्यांना एक गोष्ट बोचली. मंदिराचे दार उघडे होते, पण ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या उंबरठ्याबाहेर ठेवले, ते आपणहून आत कसे येणार? मग आपणच उंबरठा ओलांडायचा. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी मुंबईत परळला भारतीय निराश्रित साह्यकारी मंडळीची पहिली शाळा उघडली. समाजाचे अध्यक्ष नारायणराव चंदावरकर मंडळीचेही अध्यक्ष होते. शिंद्यांच्या भगिनी जनाबाईंनीही या कामाला वाहून घेतले.

गोष्ट इथेच संपवली तर ती अर्धीच राहील. १९१९ मध्ये साउथबरो समितीपुढे शिंदे यांचीही साक्ष झाली आणि तरुण भीमराव आंबेडकरांचीही. आंबेडकरांनी अस्पृश्यांसाठी स्वतंत्र प्रतिनिधित्व मागितले. आमच्या वतीने दुसऱ्यांनी बोलू नये, आम्हीच बोलू, हा त्याचा अर्थ. पाहुणा म्हणून बोलावलेला माणूस आता घरातला वाटा मागत होता, आणि तो त्याचा हक्कच होता.

प्रार्थना समाजाकडून मी एवढे शिकलो. दार उघडणे ही सुरुवात, उंबरठा ओलांडून जाणे ही पुढची पायरी, आणि आलेल्याला घराचे निर्णय घेऊ देणे हा खरा न्याय. आशा कशाला म्हणायची? परमहंस सभेच्या बंद खोलीपासून परळच्या शाळेपर्यंत सत्तावन्न वर्षे लागली. प्रत्येक पिढी कुठेतरी अडखळली, पण पुढच्या पिढीने वाट तिथूनच पुढे नेली.

इंदूर, बडोदा, हैदराबाद, बेळगाव, तुम्ही जिथे असाल तिथे आपल्या मंडळाच्या पुढच्या बैठकीत एकदा पाहा, कोण आलेले नाही. आणि जे आले आहेत, त्यांतले बोलते कोण? पुढच्या भागात भेटू.