ऋतुप्राप्ती आणि मेद

ऋतुप्राप्ती आणि मेद : मुलीच्या अंगातील चरबी, स्त्रीसंप्रेरके आणि पाळी सुरू होण्याचे वय यांचा परस्परसंबंध. ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीत मुली लवकर वयात येतात म्हटले की दोष दुधातल्या ‘इंजेक्शन’ला, ब्रॉयलर कोंबडीला किंवा एमआयडीसीच्या धुराला दिला जातो. यांतला पहिला संशय तरी सोडून द्यावा. पान्ह्यासाठी टोचतात ते ऑक्सिटोसिन लैंगिक संप्रेरक नव्हे, आणि दुधात उतरलेच तर ते प्रथिनांसारखे पोटात पचते. चरबीच्या बाजूचा पुरावा पुष्कळ भक्कम आहे. मात्र चरबी पाळीला परवानगी देते, तारीख ठरवून देत नाही.

रोझ फ्रिश आणि रॉजर रेव्हेल या संशोधकांनी 1970 साली मांडले, की वजन साधारण 47 किलोला पोचले की पाळी येते. आकड्याचा हा हट्ट पुढे टिकला नाही, कल्पना मात्र टिकली. 1994 मध्ये लेप्टिन सापडले : चरबीच्या पेशींतून निघणारे हे संप्रेरक मेंदूला साठा पुरेसा असल्याचे कळवते, मग मेंदूतला हायपोथॅलॅमस पिट्युटरी ग्रंथीला जागे करतो आणि बीजकोश इस्ट्रोजेन तयार करू लागतात. जन्मतः लेप्टिन नसलेली मुले अतिशय लठ्ठ असूनही वयात येत नाहीत. त्यांना लेप्टिन दिले तर योग्य वयाची मुले वयात येऊ लागतात, चार वर्षांचे मूल येत नाही. परवानगी आणि तारीख यांतला फरक याहून स्पष्ट दाखवणारा पुरावा क्वचितच मिळेल.

यावर आक्षेप असा, की वयात आल्यामुळेच मुली भरतात. कारण आणि परिणाम उलटे लावले आहेत. हे अंशतः खरे आहे, पण पाचव्या वर्षी, म्हणजे कसलीही चिन्हे नसताना मोजलेली चरबीसुद्धा लवकर वयात येण्याशी जुळते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे. कोपनहेगनमध्ये 1991 ते 2006 या काळात स्तनवाढीचे वय सुमारे एक वर्षाने खाली आले, आणि वजनाने त्याचा उलगडा झाला नाही. स्वीडनमध्ये दत्तक गेलेल्या भारतीय मुलींना पाळी मध्यमानाने 11.6 व्या वर्षी आली, स्वीडिश मुलींच्या बऱ्याच आधी; येताना खुरटलेल्या आणि मग झपाट्याने वाढलेल्या मुलींना सर्वांत लवकर. म्हणजे जाडीइतकाच टंचाईतून भरपूरपणाकडे जाण्याचा वेगही मोजायला हवा. एकाच ठाणे जिल्ह्यात डोंबिवलीचे फ्लॅट आणि शहापूर-मुरबाडचे पाडे असल्यामुळे इथे हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. एमआयडीसीच्या रसायनांचा संशय सर्वस्वी खोटा म्हणता येणार नाही, कारण काही रसायने इस्ट्रोजेनसारखी वागतात. पण पाळीचे वय कारखाने नसलेल्या गावांतही उतरले आहे.

कोविडच्या टाळेबंदीनंतर पुण्याच्या जहांगीर रुग्णालयात अकाली वयात आलेल्या मुलींचे प्रमाण कित्येक पटींनी वाढले. वजन, झोप, स्क्रीन, घरातला ताण हे सगळे त्या काळात एकदमच बदलले, म्हणून एकट्या चरबीवर बोट ठेवणे घाईचे ठरते. मुलगी खरोखर अकाली वयात येते आहे का हे पाहताना जाड मुलीच्या छातीवरची नुसती चरबी आणि खरी स्तनग्रंथी डॉक्टरांना हाताने तपासून बहुधा ओळखता येते. आठ वर्षांच्या आत ग्रंथी लागली, तर डाव्या हाताचा एक्स-रे काढून हाडांचे वय पाहतात आणि रक्तातले एलएच हे पिट्युटरीचे संप्रेरक तपासतात.