गेम खेळताना पीसी झटके देतोय? नवीन ग्राफिक्स कार्ड घेण्याआधी हे तपासा

एफपीएसचा आकडा ६० दाखवतोय, तरी नेमका नेम धरताना स्क्रीन क्षणभर अडकते. असं झालं की बरेच जण थेट नवीन ग्राफिक्स कार्डच्या किमती बघायला लागतात. पण कारण दुसरंच असेल, तर हजारो रुपये घालूनही झटके तसेच राहतात. म्हणून आधी कारण शोधूया. त्याला पैसे लागत नाहीत.

एफपीएस चांगला, मग झटका कसला?

६० एफपीएसवर प्रत्येक फ्रेम साधारण १६.७ मिलिसेकंदात यायला हवी. समजा, ५९ फ्रेम्स १५-१५ मिलिसेकंदात आल्या आणि एकच फ्रेम ११५ मिलिसेकंद रखडली. बेरीज बरोबर एक सेकंद, म्हणजे आकडा ६०च! पण ती एक फ्रेम डोळ्यांना लगेच खटकते.

म्हणून एफपीएससोबत 'फ्रेम टाइम' बघा. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्या जोडीचं रिव्हाट्यूनर ही दोन्ही सॉफ्टवेअर्स मोफत आहेत. गेम चालू असताना फ्रेम टाइमचा आलेख, तापमान आणि कार्डचा वापर ती स्क्रीनवरच दाखवतात. आलेखात मध्येच उंच टोक आलं, की तो झटका. रेषा सपाट आहे, पण ऑनलाइन गेममधले खेळाडू इकडून तिकडे उड्या मारतायत? मग पीसीपेक्षा इंटरनेटवर संशय घ्या.

झटका कधी येतो, ते बघा

१. नवीन जागेत पहिल्यांदाच येतो, पुन्हा गेल्यावर नाही: गेम त्या क्षणी शेडर तयार करत असतो. सुरुवातीला 'शेडर्स तयार होत आहेत' असं दिसलं, तर ते पूर्ण होऊ द्या. ड्रायव्हर अपडेटनंतर हे काम पुन्हा होतं, त्यामुळे थोडा वेळ झटके येणं साहजिक आहे.

२. वीस-तीस मिनिटांनी सुरू होतो: तापमान बघा. प्रोसेसर किंवा कार्ड फार तापलं, की स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. पीसी बंद करून, प्लग काढून पंख्यांवरची धूळ साफ करा. कॅबिनेट भिंतीला चिकटवून ठेवू नका. खोलीच जास्त तापलेली असेल तर पंखे तीच गरम हवा आत ओढतात, म्हणून उन्हाळ्यात हा त्रास वाढतो.

३. कॅमेरा फिरवताना किंवा नवीन भागात शिरताना वारंवार येतो: व्हीरॅम, म्हणजे कार्डची स्वतःची मेमरी, भरलेली असू शकते. टेक्स्चर क्वालिटी एक पायरी कमी करा. गेम हार्ड डिस्कवर असेल तर एसएसडीवर हलवा.

४. कधीही, कसाही येतो: कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबून टास्क मॅनेजर उघडा. ब्राउझरचे टॅब, अँटीव्हायरसचं स्कॅन, मागे चाललेलं डाउनलोड, यातलं कोण काय खातंय ते तिथे कळेल. रायझन प्रोसेसर असेल तर आणखी एक गोष्ट: एफटीपीएम चालू असताना काही पीसींना अधूनमधून झटके बसतात, हे एएमडीने २०२२ मध्ये मान्य केलं आणि त्यावर बायोस अपडेट दिलं. जुना बोर्ड असेल तर नक्की बघा. फक्त लाइट जायची शक्यता असताना बायोस अपडेट करू नका. अर्धवट राहिलं तर बोर्ड बंद पडू शकतो.

हे फुकटचे उपाय आधी करा

– मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लावली आहे ना, मदरबोर्डला नाही?
– १४४ हर्ट्झचा मॉनिटर विंडोजमध्ये ६० वरच सेट नाही ना?
– रॅमच्या दोन काड्या असतील तर त्या मदरबोर्डच्या मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या स्लॉटमध्येच हव्यात. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू करा. नाहीतर ३२०० ची डीडीआर४ रॅम २१३३ किंवा २४०० वरच चालत राहते.
– लॅपटॉप असेल तर चार्जर लावूनच खेळा.
– एफपीएस ७० ते ११० असा वरखाली होत असेल तर ७० वर मर्यादा लावा. आकडा घटेल, पण गेम जास्त स्मूथ वाटेल.

मग खर्च कधी करायचा?

एफपीएसची मर्यादा आणि व्ही-सिंक बंद करून कार्डचा वापर बघा. तो सतत ९५ ते ९९ टक्के असेल आणि सेटिंग्स कमी केल्यावर एफपीएस वाढत असेल, तर कार्डच कमी पडतंय. वापर ६० टक्क्यांच्या आसपास असूनही एफपीएस कमी असेल, तर बहुतेक वेळा प्रोसेसर किंवा रॅम मागे पडते. टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर ४० टक्के दिसला म्हणून फसू नका. एखादा कोअर पूर्ण भरलेला असू शकतो. अशा पीसीत महागडं कार्ड टाकलं, तर तेही प्रोसेसरची वाट बघत बसेल. त्याऐवजी गेममधली गर्दी आणि दूरपर्यंत दिसणारे तपशील कमी करून बघा.

एका वेळी एकच बदल करा आणि गेमचा तोच भाग पुन्हा खेळून आलेख बघा. चार गोष्टी एकदम बदलल्या, तर नेमकी कशाने सुधारणा झाली ते कधीच कळणार नाही.