फुग्याची कुळकथा

प्रोस्टेटचं ऑपरेशन करून माणूस परभणीहून किंवा नांदेडहून आपल्या गावी, जवळा बाजारला परततो, तेव्हा कधी कधी लघवीची नळी आणि पिशवी सोबत येते. मग तक्रार ठरलेली: "सारखं लघवीला लागल्यासारखं होतंय." पिशवी तर भरत असते. घरचे म्हणतात, नळी नीट बसली नाही. बहुतेकदा ती नीटच बसलेली असते. मूत्राशयाच्या तोंडाशी टेकलेला तिचा फुगा ही कळ आणत असतो.

नळी निसटू नये म्हणून हा फुगा, असं सगळे धरून चालतात. पण ज्या फुग्याची नळी आज आपल्याकडे वापरतात, तो जन्मला रक्त थांबवायला!

अमेरिकेतल्या सेंट पॉलचे शल्यविशारद फ्रेडरिक फोली यांनी १९२९ मध्ये ही कल्पना मांडली. प्रोस्टेटची गाठ काढली की मागे खड्डा राहतो आणि तो भळभळतो. कापलेल्या बोटावर अंगठा दाबून धरावा, तसा फुगा त्या जागी दाबायचा. १९३७ च्या त्यांच्या लेखाच्या मथळ्यातही रक्तस्राव आधी येतो, निचरा नंतर.

यावर पहिला आक्षेप फ्रान्समधून येतो. तिथल्या रेबार यांनी १८५३ मध्येच फुग्याची नळी केली होती. खरं आहे, पण त्यांना नळी जागेवर टिकवायची होती. ती रुळली नाही, कारण माझ्या मते तेव्हा योग्य रबर हाताशी नव्हतं. फोलींनी लॅटेक्समध्ये नळी आणि फुगा एकसंध घडवले, तिथे गाडी पुढे सरकली.

दुसरा आक्षेप आपल्या घरचा. चरकसंहितेत उत्तरबस्तीसाठी सोन्याचं किंवा चांदीचं पुष्पनेत्र सांगितलंय: बारा अंगुळं लांब, गाईच्या शेपटीसारखं निमुळतं, मोहरी जाईल एवढ्या छिद्राचं. कारागिरी थक्क करणारी, पण त्यातून औषध आत जायचं. वाट तीच, प्रवाह उलटा. नळीच्या कुळात पुष्पनेत्राला मानाचं पान द्यावं. फुग्याच्या कुळात ते बसत नाही.

अमेरिकेच्या बेंजामिन फ्रँकलिनची १७५२ ची चांदीची लवचीक नळी आणि फ्रेंच डॉक्टर नेलातोंची रबरी नळी हे मधले टप्पे. नळीवर १६ असा आकडा असेल, तर तो पॅरिसच्या शारिएरच्या मापाचा: तिनाने भागला की जाडी मिळते, सुमारे ५.३ मिलिमीटर.

फुग्याच्या नळीचं पेटंट मात्र डेव्हॉल रबर कंपनीच्या पॉल रेश यांना मिळालं. फोलींनी दाद मागितली, एकदा निकाल त्यांच्या बाजूने लागला, शेवटी रेश यांचाच हक्क कायम झाला. नाव उरलं फोलींचं.

फुगा रक्त थांबवायला जन्मला, याचा माझा भक्कम पुरावा वॉर्डात दिसतो. ऑपरेशननंतर कधी कधी मोठा फुगा ३० मिलिलिटर किंवा जास्त पाण्याने फुगवतात, नळी किंचित ताणून मांडीला चिकटपट्टीने बांधतात. नुसती अडकवायची असती तर ताण कशाला? तो दाब रक्त थांबवण्यासाठीच असतो.

घरी मात्र तो ताण नको. बाजेवरून उठताना, एसटीत चढताना नळी ओढली जाते आणि लघवी पुन्हा लाल होऊ शकते. नळी मांडीला सैल बांधावी, पिशवी मूत्राशयाच्या खाली पण जमिनीपासून वर ठेवावी. पिशवीत काही उतरेनासं झालं आणि ओटीपोट तटतटलं, तर तडक दवाखाना गाठावा. नळी घरी ओढून काढायची नाही, कारण आत फुगा भरलेला असतो. सिरिंजने त्यातलं पाणी काढल्यावरच ती सुखरूप बाहेर येते.