हळदीच्या पानावरचं हिराकस

कृष्णाकाठी, वाईपासून सांगलीपर्यंत, अक्षय्य तृतीयेच्या आसपास हळदीची लागण होते. पुढं पावसाळ्यात एखाद्या रानात शेंड्याची कोवळी पानं पिवळी पडतात, शिरा तेवढ्या हिरव्या राहतात. केवडा पडला, असं शेतकरी म्हणतो आणि पंपात फेरस सल्फेट कालवतो. हे आपलं जुनं हिराकसच. वैद्याच्या खलात आधी होतं, शेतात फार उशिरा आलं.

जमिनीत लोह नसतं म्हणून केवडा येतो असं नाही. काळ्या चुनखडीच्या रानात लोह भरपूर असतं, पण सामू आठच्या वर गेला की ते विरघळत नाही आणि मुळांना मिळत नाही. म्हणून पानाची वाट धरायची.

ही वाट हळदीनं शोधलेली नाही. 1840 च्या दशकात फ्रान्समध्ये युझेब ग्रिस यांनी द्राक्षाच्या पिवळ्या पानांना लोहाचा क्षार लावला आणि पानं हिरवी झाली. 1916 च्या सुमारास हवाई बेटांवर अननसाच्या पिवळ्या पडलेल्या मळ्यांवर हिराकसाचं पाणी फवारलं गेलं. तिथं अडचण मँगनीजयुक्त मातीची होती. पान अन्न खरोखर शोषतं का, ही शंका मात्र 1950 च्या दशकात फिटली. अमेरिकेत टकी आणि विटवर यांनी किरणोत्सारी मूलद्रव्यं पानावर देऊन त्यांचा माग काढला. आपल्याकडे 1966 साली पंतनगरला यशवंत नेने यांनी भाताचा खैरा हा जस्ताच्या कमतरतेचा रोग असल्याचं दाखवलं. उपाय होता झिंक सल्फेट आणि चुन्याची फवारणी. नुसतं सल्फेट पान करपवतं, म्हणून चुना. गंमत अशी की मातीत लोह अडवून धरणारा चुना इथं पानाचा राखणदार होतो.

सांगलीत हे हळदीवर कसं आलं? माझा तर्क असा की बांधापलीकडच्या द्राक्षबागेतून. तासगाव-मिरजेकडं फवारा हा बागाइतदाराचा रोजचा सोबती. त्याच घरात हळदही असायची. पुढं सूक्ष्म अन्नद्रव्यांचे सरकारी ग्रेड ठरले. ग्रेड एक जमिनीतून, ग्रेड दोन फवारणीसाठी. दोनमध्ये जस्त 3 टक्के, लोह अडीच, बोरॉन अर्धा टक्का, शिवाय मँगनीज, तांबं आणि चिमूटभर मॉलिब्डेनम.

हळद औषधी, म्हणून फवाऱ्यानं तिचं कर्क्युमिन हे औषधी द्रव्य वाढतं असं सांगून बाटल्या खपवल्या जातात. मला ते पटत नाही. कमतरता असेल तिथं फवारा उपयोगी, नसेल तिथं पैसे पाण्यात. बाटली घेण्याआधी पिवळं पान वरचं की खालचं, एवढं पाहावं. लोह जुन्या पानातून नव्यात सरकत नाही, म्हणून त्याची उणीव शेंड्याला दिसते. नत्र सरकतं, म्हणून त्याची उणीव बुडाच्या पानाला. खालचं पान पिवळं असेल तर हिराकस काही कामाचं नाही.