घोड्याचे दात

'धर्माची गाय आणि दात का नाय' अशी आपली म्हण. म्हणजे पैसे मोजून जनावर घ्यायचे, तर दात बघायलाच हवेत. आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीकडे (१९८२ पर्यंत हा एकच जिल्हा) बैल घेताना दुदाती, चौदाती असा हिशेब होतो. बैलाला पुढचे दात फक्त खाली. घोड्याला वर सहा, खाली सहा. अडीच, साडेतीन आणि साडेचार वर्षांच्या सुमारास ते जोडीजोडीने बदलतात, पाचव्या वर्षी तोंड भरते. पुढे दातांवरचे खळगे झिजत जातात, त्यावरून वयाचा अंदाज येतो.

सारंगखेड्याच्या दत्तजयंतीच्या यात्रेत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत घोडा घेणारे दातांबरोबर अंगावरचे भोवरेही बघतात. दात वय सांगतात. भोवरा मात्र रोग सांगत नाही.

ग्लँडर्स हा घोड्यापासून माणसालाही होणारा जीवघेणा रोग. वरून धडधाकट दिसणाऱ्या घोड्यातही तो दडून राहतो. इंग्रजांनी १८८६ मध्ये मुंबईत पशुवैद्यक महाविद्यालय काढले आणि १८९९ मध्ये या रोगासाठी कायदाच केला. त्याच्या जागी २००९ चा कायदा आला. आता रक्ताचा नमुना तपासता येतो. हिसारचे राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्र हे काम करते.

आमच्याकडे घोडा दिसतो तो वरातीत. नवरदेवापुढे एखादे लहान पोरही बसवलेले असते. तेव्हा घोडा घेणाऱ्याने जुन्या जाणत्यांची नजर जरूर वापरावी, पण डॉक्टरांचा दाखला हाती आल्याशिवाय इसार देऊ नये.